पुरावा कोणाच्या हातून आला? मोठे आर्थिक घोटाळे वर्षानुवर्षे का सापडत नाहीत

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत: बँका, ऑडिटर, नियामक असे इतके पहारे असताना हजारो कोटींचे घोटाळे दहा-दहा, वीस-वीस वर्षं चालतात कसे? हिशेबात पक्की, शिकलेली माणसं त्यात अडकतात कशी? आणि या सगळ्याच्या मुळाशी हावच असते का? मी फॉरेन्सिक ऑडिटचं काम करतो. कुठेतरी पैसा गेला असा संशय आला की जुने कागद, खाती आणि पत्रव्यवहार उलगडून तो कुठून कुठे गेला हे शोधायचं, असं ते काम. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो. उदाहरणं मात्र सगळी जगजाहीर प्रकरणांची घेतो, कारण त्यांचे चौकशी अहवाल आणि न्यायालयातली कागदपत्रं उपलब्ध आहेत.

हाव असतेच. पण ती सगळीकडे असते आणि घोटाळा सगळीकडे होत नाही. मोठ्या प्रकरणांच्या फायली वाचत गेलं की जवळपास प्रत्येकीत एक ठरावीक जागा सापडते: ज्याची तपासणी करायची, त्यानेच स्वतःच्या खरेपणाचा कागद आणून दिला आणि तपासणाऱ्याने तो घेतला. बाकीचं सगळं, म्हणजे बनावट कंपन्या, खोटी बिलं, परदेशातली खाती, या एका जागेवर उभं असतं.

हे नेमकं कसं दिसतं, ते बेअरिंग्ज बँकेच्या एका पानावरून सांगतो. लंडनची ही बँक १७६२ सालची. निक लीसन हा तिचा सिंगापूरमधला तरुण सौदेदार. जपानच्या निक्केई निर्देशांकाच्या वायद्यांत तो सौदे करायचा, आणि त्या सौद्यांच्या नोंदी व पैशांची जुळवणी पाहणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. झालेला तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात सारत राहिला. बँकेच्या अंतर्गत तपासनिसांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही दोन्ही कामं एका माणसाकडे असणं धोक्याचं आहे. पुढे काही झालं नाही. वर्षअखेरीच्या हिशेबात ७७८ कोटी येनचं भगदाड दिसलं तेव्हा लीसनने सांगितलं की न्यूयॉर्कच्या एका दलाली पेढीकडून ते येणं आहे. ऑडिटरांनी त्या पेढीचं पत्र मागितलं. लीसनने जुन्या कागदावरची सही कापून नव्या मजकुराखाली चिकटवली, झेरॉक्स काढली आणि घरच्या फॅक्सवरून पाठवून दिली. न्यूयॉर्कच्या पेढीचं म्हणून फायलीत लागलेल्या त्या पानाच्या वरच्या कडेला यंत्राने आपोआप छापलं होतं: ‘फ्रॉम निक अँड लिसा’. लिसा ही त्याची बायको. फेब्रुवारी १९९५ मध्ये ८२ कोटी ७० लाख पौंडांचा तोटा उघडा पडला आणि २३३ वर्षांची बँक आयएनजी या डच वित्तसमूहाने एका पौंडाला विकत घेतली.

ते पान कोणी वाचलंच नाही, असं मला वाटत नाही. ते वाचलं गेलं ते मुदत संपत आल्याच्या घाईत, यादीतल्या एका नोंदीपुढे खूण करण्यासाठी. या धंद्यातली ही सर्वांत मोठी कमजोरी आहे आणि ती मी रोज पाहतो. तपासणीच्या यादीत ‘समोरच्या पक्षाचं पत्र मिळालं’ असा रकाना असतो. पत्र कोणत्या वाटेने आलं, याचा रकाना असला तरी तो भरण्याची घाई कोणाला नसते.

बँकेतली शिल्लक तपासायची पद्धत साधी आहे. ऑडिटर बँकेला पत्र लिहितो: अमुक तारखेला या कंपनीच्या खात्यात किती रक्कम होती, कोणत्या मुदत ठेवी होत्या, त्यांच्यावर कोणाचा बोजा होता का, कळवा. पत्र ऑडिटरने स्वतः टाकायचं, बँकेचा पत्ता त्याने स्वतः शोधायचा आणि उत्तर थेट त्याच्याच हाती यायला हवं. कंपनीच्या माणसाचा हात मध्ये कुठेही लागता कामा नये. हे नियमात आहे, अभ्यासक्रमात आहे, प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या वर्षी सांगितलं जातं. तरीही ‘द्या साहेब, आमचा माणूस बँकेत जातोच आहे, घेऊन येईल’ या एका वाक्यावर ते मोडतं.

इटलीच्या पार्मालातमध्ये असंच झालं. दूध आणि खाद्यपदार्थांची ही बलाढ्य कंपनी. केमन बेटांवरच्या तिच्या बोनलात नावाच्या उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकात ३.९५ अब्ज युरो असल्याचं पत्र हिशेबाला जोडलेलं होतं. ऑडिटरांचं विचारणापत्र गेलं ते कंपनीच्याच टपालातून. आतल्या माणसांनी बँकेचं बोधचिन्ह स्कॅन करून लेटरहेड बनवलं आणि कागद फॅक्समधून काढून खरा वाटेलसा केला. डिसेंबर २००३ मध्ये बँकेने सांगितलं की असं खातंच नाही.

आपल्याकडचं सत्यम या संगणकसेवा कंपनीचं प्रकरण ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्राने उघड झालं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. नसलेल्या त्या पैशांवर ३७६ कोटींचं व्याजही दाखवलेलं होतं. अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये संबंधित भारतीय ऑडिट पेढ्यांना मिळून ७५ लाख डॉलर दंड केला. बँकांना पाठवायची विचारणापत्रं आणि त्यांची उत्तरं या पेढ्या अशिलाच्याच हाती सोपवत होत्या, आणि हे एखाद्या वेळी झालेलं नव्हतं, तशी सवयच होती, असा त्यांचा ठपका होता. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत अस्वस्थ करतं. हजारो कर्मचाऱ्यांची कंपनी, देशोदेशीचे भागधारक, आणि बँकेला थेट एक पत्र टाकण्याचं काम नीट झालं नाही.

इतकं होऊनही २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही ऑनलाइन देयकं हाताळणारी कंपनी त्याच जागी कोसळली. १.९ अब्ज युरो, म्हणजे ताळेबंदाचा जवळपास चौथा हिस्सा, फिलिपिन्समधल्या दोन बँकांत विश्वस्ताच्या खात्यांत आहे असं सांगितलं जात होतं. त्या बँकांना थेट विचारल्यावर दोघींनीही कागद बनावट असल्याचं कळवलं. जून २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जर्मनीच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या डॅक्स निर्देशांकात ती जेमतेम दोन वर्षांपूर्वी गेली होती.

मुदत ठेवींबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पुस्तकात एका ओळीत असते आणि कामात मात्र पुन्हा पुन्हा भेटते. ठेव खरी असते, पावती खरी असते, बँक ‘हो, आमचीच’ म्हणते. आणि तरीही पैसा नसतो. कारण त्याच ठेवीवर दुसऱ्या कोणाच्या नावाने कर्ज उचललेलं असतं. बँकेला फक्त शिल्लक विचारली तर ती फक्त शिल्लकच सांगते. म्हणून पत्रातला बोजाचा प्रश्न कधीही गाळू नये. ठेवीच्या व्याजावर कापलेला कर सरकारकडच्या नोंदीत दिसतो का, हेही मी ताडून पाहतो. बनावट पावत्या छापणारा व्याजाचे आकडे वहीत लिहितो, पण सरकारच्या खात्यात त्याला कर भरता येत नाही, आणि तिथे तो उघडा पडतो.

कागद समोरच्याकडून घेण्याची ही खोड फक्त ऑडिटरांची नाही. बँका एकमेकींशी व्यवहार करतानाही तेच करतात. १९९२ चा रोखे घोटाळा शेअरबाजाराच्या तेजीसाठी लक्षात राहिला; एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशेच्या आसपासचा नऊ हजारांवर गेला, वगैरे. पण तो खरा घडला सरकारी रोख्यांच्या व्यवहारात. एक बँक दुसरीला रोखे विकायची, पण प्रत्यक्ष रोखे न देता ‘तुमचे रोखे आमच्याकडे आहेत’ अशी बँक रिसीट द्यायची. बाजारात तिला बीआर म्हणत. दोन बँकांच्या मध्ये दलाल असायचा, कागदही तोच न्यायचा आणि धनादेशही तोच. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी हातात रोखे नसताना बीआर देऊन टाकल्या. मोठ्या बँकांनी त्या घेतल्या आणि पैसे दिले. बँकेच्या नावाने काढलेले धनादेश दलालाच्या खात्यात जमा व्हायचे, कारण तशी रीतच पडली होती. असाच दलाल असलेल्या हर्षद मेहताने हा पैसा शेअरबाजारात फिरवला. पत्रकार सुचेता दलाल यांची हे उघड करणारी बातमी २३ एप्रिल १९९२ रोजी आली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने एकूण रक्कम चार हजार कोटींच्या घरात काढली. रोख्यांची खरी नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात होती. तिथल्या वहीशी वेळच्या वेळी जुळवणी झाली असती, तर हे इतकं वाढलंच नसतं.

त्यानंतर २६ वर्षांनी पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत यंत्रणा बदललेली होती, पण भोक त्याच जातीचं होतं. परदेशी बँकांना जाणारी हमीपत्रं, म्हणजे एलओयू, स्विफ्ट या संदेशयंत्रणेतून जात. ही यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेली नव्हती. स्विफ्टवर गेलेल्या हमीची नोंद मुख्य प्रणालीत कोणीतरी हाताने करायची, आणि केली नाही तर बँकेच्या पुस्तकात ती हमी नसायचीच. बँकेच्या तक्रारीनुसार नीरव मोदीशी संबंधित कंपन्यांसाठी अशा हमी कित्येक वर्षं काढल्या जात होत्या. हे सापडलं कसं, ते पाहा. ते काम पाहणारा अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये कंपन्यांची माणसं नेहमीप्रमाणे नवीन हमी मागायला आली. नव्या अधिकाऱ्याने शंभर टक्के रोख तारण मागितलं. ती माणसं म्हणाली, आम्हाला आजवर कधी लागलं नाही. अधिकाऱ्याने जुनी नोंद शोधली, तर बँकेच्या पुस्तकात काहीच नव्हतं. फेब्रुवारीत बँकेने शेअरबाजाराला कळवलेला आकडा ११,४०० कोटींच्या आसपास होता. पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला.

एक माणूस खुर्चीवरून उठला आणि सगळं बाहेर आलं. हा योगायोग मानू नका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या डिक्सन गावाची कहाणी मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. गाव सोळा हजारांच्या आसपास वस्तीचं. रीटा क्रंडवेल ही नगरपालिकेची हिशेबनीस. १९९० मध्ये तिने नगरपालिकेच्या नावाने एक जादा खातं उघडलं. नाव असं दिलं की सांडपाण्याच्या कामाचा राखीव निधी वाटावा, पण पैसे काढण्याचा हक्क तिच्या एकटीकडे. राज्य सरकारची म्हणून ती खोटी बिलं बनवायची, नगरपालिकेच्या खऱ्या खात्यातून त्यांचे धनादेश निघायचे आणि या खात्यात जमा व्हायचे. २२ वर्षांत तिने ५ कोटी ३७ लाख डॉलर काढले. त्यातून जातिवंत घोडे पाळले, राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. इकडे गावात पैसा नाही म्हणून रस्त्यांची कामं रखडत होती, आणि राज्याकडून अनुदान उशिरा येतं असं तीच परिषदेला समजावत होती. ऑडिट दरवर्षी होत होतं.

घोड्यांच्या स्पर्धांसाठी ती लांब रजेवर जायची. २०११ च्या शरद ऋतूत ती अशीच रजेवर असताना तिचं काम पाहणाऱ्या नगर लिपिक बाईंनी बँकेकडून सगळ्या खात्यांची विवरणं मागवली. रोज ज्या खात्यांशी संबंध यायचा तेवढीच न मागता, सगळी. त्यांत कधी न पाहिलेलं एक खातं आलं. त्यांनी ते महापौरांना दाखवलं, महापौर एफबीआयकडे गेले, आणि पुढचे काही महिने क्रंडवेलला काहीही कळू न देता दोघं रोज तिच्याशेजारी काम करत राहिले. २०१३ मध्ये तिला १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली. ऑडिट करणाऱ्या पेढ्या आणि बँक यांच्याकडून तडजोडीत गावाला ४ कोटी डॉलर परत मिळाले, जे अशा प्रकरणांत फार क्वचित घडतं.

म्हणूनच हिशेबाच्या, तिजोरीच्या, कर्जवाटपाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर्षातून सलग दोन आठवडे सक्तीची रजा द्यावी आणि त्या काळात त्याचं काम दुसऱ्याने करावं, असा आग्रह आम्ही धरतो. ‘फार कष्टाळू आहेत, कधी रजाच घेत नाहीत’ हे कौतुक ऐकलं की मी त्या टेबलाचे कागद आधी मागवतो. बहुतेक वेळा माणूस खरोखर कष्टाळूच निघतो. तरीही मागवतो.

आता हावेबद्दल. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने अपहाराची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्याला दिसलं की यांतली बहुतेक माणसं विश्वासाची होती, विश्वासाच्या जागी बसलेली होती. त्यांच्यापुढे पैशाची अशी अडचण उभी राहिली जी ते कोणाला सांगू शकत नव्हते. हाताशी संधी होती. आणि ‘आत्ता वापरतो, नंतर भरतो’ असं त्यांनी स्वतःला पटवलं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. राजूंच्या पत्रातही हेच आहे: खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, ते वर्षागणिक वाढत गेलं, आणि वाघावर बसल्यावर उतरायचं कसं, तो खाईल, अशी अवस्था झाली. आधी एका तिमाहीचा आकडा झाकला जातो. पुढच्या तिमाहीला मागचा आणि नवा असे दोन झाकावे लागतात. घोडे, बंगले, गाड्या यांवर उधळण होते ती खरी आहे, पण बऱ्याच प्रकरणांत ती नंतर येते. क्रंडवेलसारखी उघडउघड हावेची प्रकरणंही आहेत. पण फक्त हावरट चेहरे शोधत बसलात, तर घाबरलेला, सभ्य, वेळेवर कामावर येणारा माणूस तुमच्या नजरेतून सुटेल, आणि मला जास्त वेळा तोच सापडला आहे.

फसणाऱ्यांकडे वळतो. ‘हावरट होते म्हणून बुडाले’ हे वाक्य मला सहन होत नाही. काही प्रकरणांत त्यात तथ्य असतं. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के देत होता. आंतरराष्ट्रीय टपाल कूपनं एका देशात स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात वटवतो, असं तो सांगायचा. क्लॅरेन्स बॅरन या अर्थपत्रकाराने साधा हिशेब मांडला: इतका पैसा या धंद्यात असेल तर १६ कोटी कूपनं चलनात हवीत, आणि प्रत्यक्षात होती २७ हजारांच्या आसपास. तरीही रांगा लागत होत्या.

पण लोकांचे पैसे गुंतवून देतो म्हणणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मेडॉफकडे गेलेले लोक दामदुप्पट मागत नव्हते. तो वर्षाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपास दाखवायचा. सामान्य, पण कधी न चुकणारा परतावा. विद्यापीठं, धर्मादाय संस्था, निवृत्त शिक्षक अशी सगळी सावध माणसं त्याच्याकडे होती. त्यांना हवी होती ती स्थिरता. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने २००० पासून अमेरिकेच्या रोखे आयोगाला लेखी कळवलं की बाजार खाली-वर होत असताना असा सरळ रेषेत जाणारा परतावा गणिताने शक्य नाही. २००५ मध्ये त्याने पुन्हा सविस्तर टिपण दिलं. २००६ मध्ये आयोगाच्या अधिकाऱ्यांनी मेडॉफची जबानी घेतली, शेअर जिथे जमा असायला हवेत त्या मध्यवर्ती डिपॉझिटरीतला खाते क्रमांक त्याच्याकडून घेतला. मेडॉफने नंतर सांगितलं की त्या दिवशी त्याला खेळ संपला असं वाटलं होतं. डिपॉझिटरीला एक फोन गेला असता तर तिथे काहीच नाही हे कळलं असतं. तो फोन झाला नाही. डिसेंबर २००८ मध्ये तो स्वतः कोसळला तेव्हा ग्राहकांच्या विवरणांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर छापलेले होते.

ती विवरणं कशी बनत, हे खटल्यात बाहेर आलं. आधी बाजारभाव पाहायचे, मग हवा तो नफा बसेल असे जुन्या तारखांचे सौदे लिहायचे. एकदा तपासायला आलेल्यांनी जुनी खातेवही मागितली. आतल्या खोलीत ती तेव्हाच छापली, कागद गरम लागू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवली आणि हाताळलेली दिसावी म्हणून एकमेकांकडे फेकाफेकी केली. अब्जावधी डॉलरच्या या पेढीचा ऑडिटर होता एका लहानशा कार्यालयात बसणारा एकच कार्यरत हिशेबतपासनीस. कोणी त्या कार्यालयापर्यंत जाऊन आलं असतं, तरी पुरेसं होतं.

आणि पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांची काय हाव होती? त्यांनी पगार, पेन्शन, सोसायटीचा निधी साध्या खात्यात ठेवला होता. बँकेचं ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेलं होतं, आणि ते लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखात्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांपुढे ठेवली गेली. पुन्हा तेच, यादी बँकेने बनवून दिलेली. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. स्वतःच्या बचतीचे पैसे औषधासाठी मागायला शाखेबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला ‘लोभ नडला’ म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या मर्यादेपलीकडच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत परत देण्याची योजना ठरली.

आज सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या गुंतवणुकीच्या खोट्या ॲपच्या. त्यांची रचना तुम्ही आता ओळखाल. फोनवर रोज वाढणारी रक्कम दिसते, आलेख दिसतो, सौद्यांची यादी दिसते. ते ॲप फसवणाऱ्यानेच बनवलेलं असतं. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्याने टाइप केलेली एक संख्या. सुरुवातीला थोडी रक्कम काढू दिली जाते, कारण ती हातात आल्यावर माणूस घरच्यांकडून, कर्ज काढून मोठी रक्कम आणतो. मग काढायला गेलात की ‘आधी कर भरा’, ‘आधी शुल्क भरा’. खरा कर तुमच्याच पैशांतून वळता होतो किंवा तुम्ही सरकारला भरता; पैसे परत देण्यापूर्वी वेगळे पैसे मागणारी कुठलीही प्रामाणिक संस्था मी पाहिलेली नाही. इथे ‘थोडे पैसे मिळाले म्हणजे खरं असणार’ हा तर्क दगा देतो. पाँझीनेही सुरुवातीच्या लोकांना पूर्ण पैसे दिले होते.

मग तुम्ही करायचं काय? कोणी परतावा, शिल्लक, तारण दाखवलं की त्या वस्तूची मूळ नोंद कोणाकडे असते ते आधी विचारा, आणि तिथून ती स्वतः मिळवा. शेअर असतील तर डिपॉझिटरीकडून थेट येणारं विवरण, ठेव असेल तर बँकेच्या शाखेतून, जमीन असेल तर सरकारी दप्तरातून. फोन नंबर, पत्ता, संकेतस्थळाचा दुवा समोरच्याने दिलेला वापरू नका. तो स्वतः शोधा. पैसे सांभाळणारा, गुंतवणारा आणि विवरण देणारा असे तीन वेगळे पक्ष आहेत का ते बघा. मेडॉफकडे तिन्ही एकच होते. समोरचा या प्रश्नांनी दुखावला, तुमच्या विश्वासाबद्दल बोलू लागला, ओळखीच्या लोकांची नावं घेऊ लागला, तर तिथेच थांबा. प्रामाणिक माणसाला कागद दाखवायला दहा मिनिटं लागतात.

तुम्ही संस्थेच्या समितीवर, संचालक मंडळावर असाल तर आणखी एक. घोटाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या फसवणूक तपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या माहितीतून उघड झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक माहिती कर्मचाऱ्यांनी दिलेली. बाहेरच्या ऑडिटमधून सापडली फक्त ३ टक्के. तेव्हा शंका घेऊन आलेल्या लिपिकाला ‘तुला काय कळतं’ म्हणून परत पाठवू नका. जर्मनीत वायरकार्डवर लिहिणाऱ्या पत्रकारांविरुद्धच नियामकाने २०१९ मध्ये फौजदारी तक्रार केली होती, आणि कंपनीचा शेअर पाडून नफा कमावू पाहणाऱ्यांवर दोन महिने बंदी घातली होती. त्या वर्षभरात आणखी किती लोकांनी तो शेअर विश्वासाने घेतला असेल, याचा विचार करा.

शेवटी, संशय आलाच तर समोरच्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याला कळलं की कागद आणि पैसा दोन्ही हलतात. डिक्सनमध्ये महापौर आणि लिपिक गप्प राहिले म्हणून बिलं, धनादेश, घोडे सगळं जागेवर सापडलं. तुमच्याकडचे संदेश, पावत्या, पैसे पाठवल्याच्या नोंदी यांच्या प्रती दुसरीकडे ठेवा, बँकेला त्याच तासाला कळवा आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाईपर्यंतच ती गोठवता येते. आणि पुढच्या काही आठवड्यांत ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, फक्त आमचं शुल्क आधी भरा’ असा फोन हमखास येईल. फसलेल्यांची यादी विकली जाते आणि तो फोन बहुधा त्याच टोळीचा असतो. त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.